मौना केआ ते हानले: आकाशदर्शनाच्या नामांकित ठिकाणांचे परीक्षण

आकाशदर्शनाच्या ठिकाणांची जाहिरात एकाच गोष्टीवर चालते: काळोख. 'जगातले सर्वांत काळोखे आकाश' असा दावा करणारी ठिकाणे डझनभर तरी सापडतील. त्यांपैकी बहुतेक ठिकाणी खरोखरच उत्तम काळोख असतो. पण तिथे पोहोचलेल्या माणसाला काय दिसेल, हे काळोखाच्या आधी तीन गोष्टींवर ठरते: अक्षांश, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि तुम्ही निवडलेला पंधरवडा. या तीन गोष्टी जुळल्या नाहीत तर प्रमाणपत्र मिळालेल्या आकाशाखालीही सहल फिकी पडते. पुढची सगळी परीक्षणे याच निकषांवर आहेत.

आधी आकड्यांविषयी थोडे, कारण ठिकाणांच्या माहितीत ते सर्रास येतात. जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये मांडलेल्या मोजपट्टीत आकाशाचे नऊ वर्ग आहेत. पहिला सर्वांत काळोखा, नववा मोठ्या शहराच्या मध्यभागाचा. दुसरा आकडा 'एसक्यूएम' या हातात मावणाऱ्या मापकाचा. तो आकाशाच्या एका चौरस विकलेची, म्हणजे अगदी छोट्या तुकड्याची, तेजस्विता प्रतींमध्ये देतो. प्रत हे ताऱ्यांची तेजस्विता मोजण्याचे एकक, आकडा जितका मोठा तितका उजेड कमी. नैसर्गिक काळोख २२ च्या आसपास असतो, शहरात हा आकडा १८ किंवा त्याहून खाली येतो. आकडा एकाने उतरला की आकाश अडीच पटींनी उजळ होते, म्हणजे २२ आणि १८ यांच्यात जवळपास चाळीस पटींचा फरक पडतो. पण २१.९ चे ठिकाण २१.७ च्या ठिकाणापेक्षा चांगले, असे मानून तिकीट काढू नये. आकाशगंगेचा मध्यभाग डोक्यावर असताना मापकात तिचाच उजेड शिरतो आणि आकडा उतरतो. सूर्याची सक्रियता वाढलेली असते तेव्हा वातावरणाची स्वतःची दीप्तीही वाढते. अडीच-तीन दशांशांचा फरक अशा कारणांनी सहज पडतो.

मौना केआ, हवाई

४,२०५ मीटर उंचीच्या या पर्वतशिखरावर जगातल्या काही सर्वांत मोठ्या दुर्बिणी आहेत. त्यामुळे शिखरावर गेले की सर्वाधिक तारे दिसतील, अशी समजूत होते. डोळ्यांच्या बाबतीत प्रत्यक्षात उलटे घडते. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के असतो. अंधारात पाहण्याचे काम करणाऱ्या दृष्टिपटलातील दंडपेशींना प्राणवायू भरपूर लागतो आणि तो कमी पडला की मंद तारे सर्वांत आधी नाहीसे होतात. दुर्बिणीच्या कॅमेऱ्याला ही अडचण नसते, माणसाला असते. त्यामुळे २,८०० मीटरवरच्या पर्यटक माहिती केंद्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला शिखरावरच्या माणसापेक्षा जास्त तारे दिसतात. शिवाय सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने शिखर पर्यटकांसाठी बंदच होते. वर जाण्याचा उपयोग सूर्यास्त, ढगांच्या समुद्रावर पडणारी पर्वताची सावली आणि वेधशाळांचे घुमट पाहण्यापुरता.

केंद्रापासून पुढच्या रस्त्याला चारही चाकांना गती देणारी गाडी लागते. वर जायचेच असेल तर केंद्रापाशी किमान अर्धा तास थांबून शरीराला सवय होऊ द्यावी. तेरा वर्षांखालील मुले, गर्भवती, हृदय किंवा फुप्फुसाचा विकार असलेले आणि गेल्या २४ तासांत स्कूबा डायव्हिंग केलेले यांनी वर जाऊ नये, अशी तिथली सूचना आहे आणि ती गंभीरपणे घ्यावी. केंद्रातल्या दुर्बिणींच्या कार्यक्रमाचे दिवस बदलत असतात, आधी नोंदणी लागू शकते. कार्यक्रम नसला तरी स्वतःची द्विनेत्री (बायनॉक्युलर) घेऊन तिथे आकाश पाहता येते.

अक्षांश १९.८ उत्तर. ध्रुवतारा क्षितिजापासून वीस अंशांवर आणि दक्षिणेकडचा त्रिशंकू तारकासमूहही दिसतो. मात्र त्यातला सर्वांत खालचा ठळक तारा जेमतेम सात अंश वर चढतो. ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ तेवीस अंशांपर्यंत येतो. उत्तर आणि दक्षिण दोन्ही आकाशांचा मोठा भाग एकाच जागेवरून पाहण्यासाठी हा अक्षांश फार सोयीचा आहे. एकाच बेटावर समुद्र आणि आकाश दोन्ही हवे असणाऱ्या कुटुंबासाठी चांगली जागा. केवळ आकाशासाठी मात्र इतका प्रवास करण्याची गरज नाही.

टेनेरिफे आणि ला पाल्मा, कॅनरी बेटे

इथली खरी संपत्ती म्हणजे ढग. व्यापारी वाऱ्यांमुळे साधारण हजार-दीड हजार मीटरवर हवेचा उबदार थर झाकणासारखा बसतो, ढग त्याच्याखाली अडकतात आणि किनाऱ्यावरच्या गावांचे दिवे त्या ढगांखाली झाकले जातात. दोन हजार मीटरवर तैदे ज्वालामुखीच्या पायथ्याच्या मैदानात उभे राहिले की वर कोरडी, स्थिर हवा मिळते. उंची डोळ्यांना झेपणारी, रस्ता डांबरी, मुक्काम खाली गावात. पहिल्यांदाच आकाशदर्शनाला निघालेल्यांसाठी यापेक्षा सोपे ठिकाण सुचवणे अवघड आहे.

उणिवाही आहेत. ढगांचा थर मुख्यतः बेटाच्या उत्तर बाजूला असतो. दक्षिणेचा किनारा बऱ्याचदा मोकळा राहतो आणि तिथल्या पर्यटनगावांची झळाळी नेमकी दक्षिण क्षितिजावर येते. वृश्चिक आणि धनू राशी पाहायच्या असतील तर हा मोठा अडथळा, कारण २८ अंश उत्तरेवरून या राशींकडे असलेला आकाशगंगेचा मध्य तेहतीस अंशांपर्यंतच चढतो. उन्हाळ्यात सहाराची धूळ घेऊन येणारा 'कालिमा' वारा सुटला की आकाश पिवळट होते आणि मंद वस्तू दोन-तीन दिवस गायब होतात. धुळीचा अंदाज हवामानाच्या संकेतस्थळांवर मिळतो. तो ढगांच्या अंदाजाइतकाच महत्त्वाचा समजावा. रस्त्याकडेच्या थांब्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे हेडलाइट हा तिसरा त्रास, म्हणून मुख्य रस्त्यापासून आडोसा असलेली जागा दिवसा उजेडी हेरून ठेवावी.

शेजारचे ला पाल्मा बेट अधिक काळोखे आहे. स्पेनने १९८८ मध्ये या बेटाच्या आकाशाच्या रक्षणासाठी कायदा केला. रस्त्यांवरच्या दिव्यांपासून विमानमार्गांपर्यंत त्याची बंधने आहेत. बेटावर ठिकठिकाणी आकाश पाहण्यासाठी खास थांबे बांधलेले आहेत, तिथे माहितीफलकही आहेत. रोके दे लोस मुचाचोस या २,४२६ मीटर उंचीच्या माथ्याजवळ १०.४ मीटर आरशाची ग्रान तेलेस्कोपिओ कानारियास ही दुर्बीण आहे. ती दिवसा, आधी नोंदणी करून पाहता येते, रात्री नाही. दोन्हींपैकी एकच बेट निवडायचे तर आकाशाचा शौक असलेल्याने ला पाल्मा निवडावे, मुलांसह जाणाऱ्याने टेनेरिफे.

आटाकामा, चिली

या यादीतले सर्वांत भरघोस आकाश इथे आहे. त्याचे कारण कोरड्या हवेइतकेच अक्षांशात आहे. सान पेद्रो दे आटाकामा हे गाव सुमारे २,४०० मीटरवर, २३ अंश दक्षिणेला आहे. आकाशगंगेचा मध्य इथून खमध्यापासून (बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून) जवळपास सहा अंशांवरून जातो. उत्तर गोलार्धात ज्या वृश्चिक-धनूकडे क्षितिजावरच्या धुक्यातून पाहावे लागते, त्या इथे अगदी डोक्यावर येतात. आकाशगंगेतले काळे धुळीचे ढग इतके ठसठशीत दिसतात की अँडीजमधल्या लोकांनी ताऱ्यांना जोडण्याऐवजी त्या काळ्या आकारांनाच प्राण्यांची नावे दिली. त्यांतल्या लामाचे डोळे म्हणजे मित्र आणि मित्रक, नरतुरंगातले दोन ठळक तारे.

बहुतेक लोक जून-जुलैत जातात, कारण तेव्हा आकाशगंगेचा मध्य मध्यरात्री माथ्यावर असतो. तो अनुभव थोर आहे, पण त्या काळात मॅगेलनचा मोठा मेघ (आपल्या आकाशगंगेशेजारची छोटी दीर्घिका) संध्याकाळी क्षितिजाशी असतो आणि दक्षिण आकाशाचा निम्मा ठेवा हुकतो. एकाच रात्रीत सगळे हवे असेल तर एप्रिलची अमावास्या पकडावी. संध्याकाळी आठच्या सुमारास मोठा मॅगेलन मेघ नैर्ऋत्येकडे तीस अंशांवर, अगस्त्य त्याच्या वर. नऊ-दहाच्या सुमारास ईटा कॅरिनी तेजोमेघ दक्षिणेकडे पन्नास अंशांहून वर, त्याच्या मागोमाग त्रिशंकू आणि त्याला चिकटलेला 'कोलसॅक' हा काळा ढग. मध्यरात्री ओमेगा सेंटॉरी. पहाटे चारला आकाशगंगेचा मध्य माथ्यावर. सबंध रात्र जागण्याची तयारी असलेल्यांसाठी वर्षातला हाच पंधरवडा सर्वोत्तम. जानेवारी-फेब्रुवारी टाळावा. जगातल्या सर्वांत कोरड्या वाळवंटांपैकी एक असूनही तेव्हा पूर्वेकडच्या पठारावरून पावसाळी ढग येतात. परदेशी पर्यटकांची सर्वाधिक निराशा याच दोन महिन्यांत होते.

गावात स्वतःचे दिवे आहेत. चांगले आयोजक पाहुण्यांना काही किलोमीटर बाहेर नेतात आणि पौर्णिमेच्या आसपास कार्यक्रमच ठेवत नाहीत. पौर्णिमेच्या रात्रीही 'आकाशगंगा दाखवतो' म्हणणाऱ्याकडे नोंदणी करू नये. एक गैरसमज इथे हमखास आढळतो. आल्मा आणि पारानाल या वेधशाळांची भेट म्हणजे रात्री त्यांच्या दुर्बिणींतून पाहणे, असे अनेकांना वाटते. दोन्ही भेटी विनामूल्य आहेत, आधी नोंदणी करून मिळतात आणि त्या दिवसाच्या असतात. आल्माच्या ६६ अँटेना पाच हजार मीटरवर आहेत. पाहुण्यांना २,९०० मीटरवरच्या नियंत्रण केंद्रापर्यंतच नेतात. डोळा लावून पाहण्याची सोय हवी असेल तर आणखी दक्षिणेला एल्की खोऱ्यातली मामालुका ही खास लोकांसाठी उभारलेली वेधशाळा चांगली. त्याच परिसरातल्या गाब्रिएला मिस्त्राल अभयारण्याला २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय डार्क-स्काय संघटनेकडून 'काळोख्या आकाशाचे अभयारण्य' या वर्गातली जगातली पहिली मान्यता मिळाली.

टेकापो, न्यूझीलंड

४४ अंश दक्षिण. इथे मॅगेलनचे दोन्ही मेघ आणि त्रिशंकू कधीच मावळत नाहीत. वर्षातल्या कोणत्याही निरभ्र रात्री ते दिसणारच. तारखा हातात नसणाऱ्या प्रवाशासाठी हा फार मोठा फायदा आहे. इथल्या आओराकी मॅकेन्झी या काळोख्या आकाशाच्या राखीव क्षेत्राला २०१२ मध्ये मान्यता मिळाली. त्याचे क्षेत्रफळ चार हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे आणि गावातल्या दिव्यांवर १९८० च्या दशकापासूनच बंधने आहेत. माउंट जॉनवरची विद्यापीठ वेधशाळा १,०२९ मीटरवर, म्हणजे उंचीचा कसलाच त्रास नाही. रात्री डोंगरावर आयोजित गटांसोबतच जाता येते. या गटांची शिस्त चांगली असते: लाल दिवे, माफक संख्या, जाणकार वाटाडे.

अडचण हवामानाची. दक्षिण आल्प्सच्या पावसाच्या छायेत असल्याने हा भाग आसपासच्या मानाने कोरडा आहे, पण वायव्येचे वारे सुटले की ढग डोंगर ओलांडून येतात. एकच रात्र राखून येणाऱ्याने निराशेची तयारी ठेवावी, तीन रात्री राखाव्यात. डिसेंबरात रात्र लहान असते, पूर्ण काळोख मध्यरात्रीच्या जरा आधी होतो आणि साडेतीनच्या सुमारास संपतो. लहान मुलांना घेऊन तिथल्या उन्हाळ्यात जाण्यात म्हणून अर्थ नाही. तळ्याकाठचे दगडी चर्च छायाचित्रांमुळे प्रसिद्ध आहे, पण तिथे मोबाइलचे टॉर्च आणि गाड्यांचे दिवे सारखे चमकत राहतात. डोळे अंधाराला सरावलेच जात नाहीत. गावापासून दहा-पंधरा मिनिटे दूर गेले तरी आकाशात मोठा फरक पडतो.

नामिबिया

नामिबरँड राखीव क्षेत्र, २५ अंश दक्षिण, मान्यता २०१२. आटाकामासारखेच आकाश, माणसांची वस्ती त्याहून विरळ, उंचीचा त्रास नाही. मे ते सप्टेंबर कोरडा हंगाम. देशात दुर्बीण भाड्याने देणारी आणि पक्क्या चौथऱ्यावर स्वतःची दुर्बीण बसवू देणारी शेतघरे आहेत. छायाचित्रण करणाऱ्यांची पहिली पसंती त्यांनाच असते. रस्ते खडीचे आहेत आणि रात्री जनावरे आडवी येतात. त्यामुळे मुक्काम एकीकडे आणि आकाशदर्शन दुसरीकडे असा बेत करू नये. झोपायची जागा आणि पाहायची जागा एकच असावी.

हानले, लडाख

समुद्रसपाटीपासून सव्वाचार हजार मीटरच्या वर वसलेल्या या खोऱ्यात भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. माउंट सरस्वतीवर, ४,५०० मीटर उंचीवर, दोन मीटर आरशाची हिमालयन चंद्र दुर्बीण २००० सालापासून उभी आहे. वेधशाळेभोवतीचे १,०७३ चौरस किलोमीटर क्षेत्र २०२२ मध्ये काळोख्या आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाले. या ठिकाणाचे वेगळेपण त्याच्या व्यवस्थेत आहे. गावातल्याच तरुण-तरुणींना संस्थेने आकाश दाखवण्याचे प्रशिक्षण दिले, दुर्बिणी दिल्या आणि ते आपल्या घरी राहणाऱ्या पाहुण्यांना आकाश दाखवतात. खिडक्यांना जाड पडदे, गाड्यांना मंद दिवे ही शिस्तही गावकरीच सांभाळतात. आकाश राखण्याचा फायदा थेट तिथे राहणाऱ्यांच्या हाती पडतो, आणि एवढ्यासाठी तरी हानलेला पूर्ण गुण द्यायला हवेत. आयोजित मोठ्या गटापेक्षा घरगुती मुक्काम आणि घरचा वाटाडा हीच निवड करावी.

मात्र मौना केआच्या शिखराबद्दल जे वर लिहिले, ते इथे झोपण्याच्या जागेलाच लागू होते. हानले गावातही प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच. दमलेल्या, डोके दुखणाऱ्या माणसाला आकाश दिसत नाही. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, हा सर्वमान्य संकेत आहे. लेह साडेतीन हजारांवर आहे, तिथे किमान दोन रात्री आणि वाटेत चुमाथांगसारख्या ठिकाणी आणखी एक, असा क्रम ठेवावा. लेह ते हानले अंतर अडीचशे किलोमीटरच्या वर आहे आणि ते एका दमात कापता येते, म्हणूनच लोक फसतात. पहिल्या रात्री हानलेत पोहोचून सरळ दुर्बिणीकडे धावण्यापेक्षा ती रात्र झोपेला द्यावी. परवान्याचे नियम बदलत असल्याने निघण्याआधी लेहच्या प्रशासनाकडून ताजी माहिती घ्यावी.

कोणता महिना? सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर. पावसाळी ढग मागे हटलेले असतात आणि थंडी अजून सोसवते, जरी रात्री पारा शून्याखाली जातोच. खरे कारण आकाशाचे आहे. हानले ३२.८ अंश उत्तरेला असल्याने आकाशगंगेचा मध्य अठ्ठावीस अंशांच्या वर जात नाही आणि दक्षिणेला डोंगरही आहेत. त्यामुळे हानलेला आकाशगंगेच्या मध्यासाठी जाणे म्हणजे तिथली खरी गोष्ट सोडून दुसरीच मागणे. शरद ऋतूत देवयानी दीर्घिका जवळपास माथ्यावरून जाते आणि त्रिकोण तारकासमूहातली एम-३३ दीर्घिका तर खमध्यापासून दोनच अंशांवरून. एम-३३ नुसत्या डोळ्यांनी दिसणे ही उत्कृष्ट आकाशाची कसोटी मानतात. तिचा उजेड मोठ्या भागावर पसरलेला असल्याने थोड्याशा झळाळीतही ती विरून जाते. ती डोक्यावर, हवेच्या सर्वांत पातळ थरातून पाहण्याची इतकी चांगली संधी थोड्याच ठिकाणी मिळते. नजर थेट तिच्यावर न रोखता जराशी बाजूला ठेवावी आणि आधी दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यावा. उंचीवर याने खरोखर फरक पडतो.

इतकी उंची झेपणार नसेल तर महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाचा विचार करावा. जानेवारी २०२४ मध्ये त्याला काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून मान्यता मिळाली, भारतातले पहिले. अक्षांश साधारण २१.७, उंची किरकोळ. हिवाळ्यात धुके आणि धूर यांमुळे क्षितिजाजवळचे आकाश मळते, म्हणून पाहायच्या वस्तू चाळीस अंशांच्या वरच निवडाव्यात.

शिस्तीसाठी चेरी स्प्रिंग्ज, ग्रहांसाठी ग्रिफिथ

पेनसिल्व्हेनियातले चेरी स्प्रिंग्ज उद्यान अक्षांश, हवामान, उंची यांपैकी कशातच पहिल्या क्रमांकाचे नाही. तरीही त्याची दखल घ्यावी लागते, कारण रात्रभर थांबणाऱ्यांसाठी राखलेल्या मैदानाची शिस्त अनुकरणीय आहे. अंधार पडल्यावर गाड्या हलत नाहीत. पांढऱ्या उजेडाला बंदी, गाडीचे दार उघडल्यावर लागणाऱ्या आतल्या दिव्यालाही. लॅपटॉप आणि मोबाइलच्या पडद्यांवर लाल झाकण. अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, पूर्ण सरावायला त्याहून जास्त आणि एक पांढरा झोत ते सगळे काही सेकंदांत पुसून टाकतो. तारखांच्या बाबतीत लवचीक असलेल्या पण शिस्तीत तडजोड न खपणाऱ्यांना हे मैदान आवडेल. दव मात्र भयंकर पडते. भिंगाभोवती गुंडाळायची तापपट्टी नसेल तर मध्यरात्रीपर्यंत दुर्बीण आंधळी होते.

ग्रहांसाठी काळोख्या ठिकाणी जायची गरजच नाही. चंद्र, गुरू, शनी हे इतके तेजस्वी आहेत की शहराच्या झळाळीने त्यांना काही फरक पडत नाही. त्यांना हवा स्थिर लागते. लॉस एंजेलिससारख्या झगमगत्या शहरातली ग्रिफिथ वेधशाळा १९३५ पासून बारा इंची त्साइस दुर्बिणीतून लोकांना विनामूल्य आकाश दाखवते. ज्यांना शनीची कडी पाहण्याचीच हौस आहे, त्यांनी वाळवंटाचा खर्च वाचवून अशा शहरी वेधशाळेत जावे. तेही शुक्ल अष्टमीच्या आसपास, कारण तेव्हा चंद्रावरच्या उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात.

आयोजक पारखताना

ठिकाण ठरले तरी रात्र चांगली जाते की वाया, हे दुर्बीण दाखवणाऱ्यावर अवलंबून असते. पहिला प्रश्न: एका दुर्बिणीमागे माणसे किती? वीस माणसे आणि एक दुर्बीण असेल तर प्रत्येकाला एक मिनिट दिले तरी एका वस्तूला वीस मिनिटे जातात. दोन तासांत सहा वस्तू होतात आणि प्रत्येकाचा डोळा नेत्रिकेला (दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भिंगाला) लागतो एकूण सहा मिनिटे. आठांच्या वर माणसे असतील तर दुसरी दुर्बीण मागावी किंवा दुसरा आयोजक शोधावा.

दुसरा प्रश्न: दुर्बीण बाहेर कधी काढता? आठ इंची आरशाला बाहेरच्या हवेइतके थंड व्हायला तासभर लागतो. तोवर आरशावरून गरम हवेचे लोट उठत राहतात आणि ग्रहाची कडा उकळत्या पाण्यातून पाहावी तशी हलते. कार्यक्रमाच्या पाच मिनिटे आधी खोलीतून दुर्बीण आणणारा आयोजक 'आज हवा चांगली नाही' असे सांगतो, तेव्हा दोष बहुधा हवेचा नसतो. आरशांची जुळणी नीट आहे का, हेही एका मिनिटात कळते. ठळक ताऱ्यावर नेऊन प्रतिमा किंचित धूसर करायला सांगावी. परावर्ती दुर्बिणीत एकात एक वर्तुळे दिसतात आणि मधली काळी सावली एका बाजूला सरकलेली असेल तर जुळणी बिघडलेली आहे.

तिसरा: डोळ्याने दाखवता की पडद्यावर? हल्ली अनेक ठिकाणी स्वतःहून वस्तू शोधणारी आणि अनेक छोटी छायाचित्रे एकमेकांवर रचून रंगीत चित्र मोबाइलवर पाठवणारी दुर्बीण असते. ते चित्र सुंदर असते, शहराजवळ तर फार उपयोगी. पण आटाकामात जाऊन पडदा पाहणे म्हणजे तिथला काळोख वाया घालवणे. उलट, नेत्रिकेतून दीर्घिका करड्याच दिसतील, रंगीत नाही, हे आधी सांगणारा वाटाडा प्रामाणिक समजावा. एवढ्या मंद उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी कामच करत नाहीत.

स्वतःसोबत १०×५० ची द्विनेत्री, लाल दिवा आणि मागे कलणारी खुर्ची न्यावी. मान वर करून उभा राहिलेला माणूस दहा मिनिटांत थकतो, आडवा झालेला तासभर पाहू शकतो. मोठ्या तारकागुच्छांसाठी आणि मॅगेलन मेघांसाठी ही द्विनेत्री मोठ्या दुर्बिणीपेक्षा सरस ठरते. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, जादा बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवाव्यात. नेत्रिकेवर श्वास सोडू नये, वाफ लगेच गोठते. रात्र संपल्यावर द्विनेत्री बाहेरच पिशवीत बंद करावी, मगच उबदार खोलीत न्यावी आणि दोन-तीन तास पिशवी उघडू नये. नाहीतर आतल्या भिंगांवर पाणी धरते आणि पुढे बुरशी येते.

तारीख ठरवताना चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो एवढे धरून चालावे. पौर्णिमेनंतर चार-पाच दिवसांनी संध्याकाळचे तीन-चार तास काळोख मिळू लागतो, म्हणून अमावास्येच्या आधीचा आठवडा नंतरच्या आठवड्यापेक्षा सोयीचा. नंतरच्या आठवड्यात चंद्र नेमका संध्याकाळी आकाशात असतो. टेकापोसारख्या विषुववृत्तापासून दूरच्या अक्षांशावर शरद ऋतूतल्या पौर्णिमेनंतर हा रोजचा उशीर बराच कमी भरतो, तिथे प्रत्यक्ष चंद्रोदयाचा तक्ताच पाहावा. आणि पैसे भरण्याआधी ढग आल्यास काय, हे लेखी विचारून घ्यावे: दुसरी रात्र देतात, पैसे परत देतात की घुमटाखाली व्याख्यान ऐकवून कार्यक्रम झाला असे धरतात. दुसरी रात्र देणाऱ्याकडे नोंदणी करावी, आणि ती मुक्कामाच्या पहिल्याच रात्रीची करावी, म्हणजे बदलीसाठी पुढच्या रात्री शिल्लक राहतात. हानलेत मात्र पहिली रात्र विश्रांतीची असल्याने ही नोंदणी दुसऱ्या रात्रीची.